खडकाची स्थिती उत्तम

माणसाने चुका कराव्यात, चारचौघे करतात तशा कराव्यात, पण नकाशावर करू नयेत. बोलताना जीभ घसरली तर ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ असं म्हणून सावरता येतं. शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलं तर कोपऱ्यात तोंड करून पुन्हा लावता येतं. नकाशावरची चूक मात्र छापली जाते, तिच्या हजारो प्रती निघतात, त्या शाळांच्या भिंतींवर टांगतात आणि मुलं ती चूक पाठ करून पास होतात.

काटकोनांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. नकाशा कार्यालयात सव्वीस वर्षं ते हेच इतरांना सांगत आले होते. काटकोन हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते कचेरीने ठेवलेलं. त्यांची रेघ सरळ, भांग सरळ, बसणं सरळ, आणि पाण्याचा पेला टेबलाच्या कडेला समांतर. पेला गोल असतो, तो समांतर कसा ठेवतात हे कोणालाच कळलं नव्हतं, पण काटकोनांचा असायचा. नव्या माणसाला साहेब आधी त्यांच्या टेबलाशी नेत आणि म्हणत, ‘सव्वीस वर्षांत यांच्या हातून एक खाडाखोड नाही.’ ते अक्षरशः खरं होतं. खाडाखोड झाली नव्हती, इथेच तर सगळी गोम होती.

नोकरी नवी आणि लग्न त्याहून नवं, अशा दिवसांत काटकोन एका जंगलाचा नकाशा काढत होते. ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईने. जंगलाचा नकाशा हे तसं सुखाचं काम. झाडाची एक खूण काढायची आणि तीच चारशे वेळा काढायची. तीनशे बाराव्या झाडाशी पेनातून शाईचा टपोरा थेंब पडला. पडला तो पडला, वर तीन बाजूंना फुटला. असा डाग ब्लेडने हलकेच खरवडता येतो. पण तेव्हाच्या साहेबांचा नियम असा की खाडाखोड झाली तर लेखी खुलासा द्यायचा, तोही तीन प्रतींत, आणि एक प्रत माणसाच्या नोकरीच्या फायलीला कायमची लागायची. काटकोनांची नोकरी अजून पक्की व्हायची होती. त्यांनी डागाकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं, आणि दहा मिनिटांत त्या डागाचा खडक झाला. तीन सुळके, पायथ्याशी चार दगड, एका बाजूला सावलीसुद्धा.

वरिष्ठांनी कागद तपासला आणि चष्म्यावरून विचारलं, की एवढा खडक आहे तर तिथे जायची वाट कुठे आहे. काटकोनांनी तुटक रेघेची पायवाट काढली. मग वरिष्ठ म्हणाले, एवढी वाट काढून लोक जातात तर खडकाला नाव नको? काटकोनांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: तीनतोंड्या. एक खोटं लपवायला शंभर खोटी बोलावी लागतात म्हणतात. काटकोनांचं दोनात भागलं.

कचेरीत भागलं. घरात नाही.

नकाशा छापून आला तेव्हा ते एक प्रत हौसेने घरी घेऊन गेले. लग्नाला सहा-आठ महिने झालेल्या बायकोने ती जमिनीवर पसरली, गुडघ्यावर बसून नीट पाहिली आणि साधा प्रश्न विचारला, ‘यात तुम्ही केलेलं काय?’ आता नद्या मोजल्या दुसऱ्यांनी, डोंगर चढले तिसऱ्यांनी, काटकोनांनी फक्त गिरवलं. त्या अख्ख्या कागदावर त्यांचं स्वतःचं, डोक्यातून काढलेलं असं एकच होतं. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘हा खडक. हा मी शोधला. तुझ्यासाठी म्हणून नकाशात घातला.’

बायकोने नकाशाला चौकट करून बैठकीत लावला. पाहुणे आले की विणकामाची सुई घेऊन ती तो ठिपका दाखवायची. पाहुण्यांना प्रश्न पडतात, प्रश्नांना उत्तरं लागतात. पहिल्या वर्षी काटकोन त्या खडकापर्यंत दोन दिवस चालले होते, तिसऱ्या वर्षी ते सात दिवस झाले, पाचव्या वर्षी ते एक रात्र झाडावर झोपले आणि सातव्या वर्षी अस्वल आलं. अस्वल नेमकं कोणी आणलं ते आता सांगता येणार नाही. काटकोनांच्या मते बायकोने. पण एकदा आलेलं अस्वल काही परत जाईना.

बायकोचा नवऱ्याच्या बाकी कशावर फारसा भरवसा नव्हता. भाजी निवडण्यावर नव्हता, रस्ता ओलांडण्यावर नव्हता, दूध उतू जाणार नाही हे बघण्यावर तर मुळीच नव्हता. खडकावर मात्र होता. त्या एका थेंबावर काटकोनांची घरातली सगळी पत उभी होती, आणि सव्वीस वर्षं ते ती जिवापाड जपत आले होते.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना एका सकाळी बायको चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, ‘मला माझा खडक बघायचाय.’ सूर असा की जणू साबण संपलाय.

काटकोन म्हणाले, गुडघे दुखतात. बायको म्हणाली, गुडघे तुमचे दुखतात, बघायचं मला आहे. काटकोन म्हणाले, वाट बुजली असेल. बायको म्हणाली, एकदा शोधलीत, पुन्हा शोधा. अस्वलाचं नाव काढलं तर ती म्हणाली, ते एव्हाना म्हातारं झालं असेल.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या इमारतीत झाली. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. डोंगर चढायला लागतं ते सगळं सामान त्यांच्याकडे होतं आणि ते घेऊन ते आजवर स्वतःच्या माळ्यापर्यंत चढले होते. त्यांनी ताबडतोब जाहीर केलं की आपणही येणार. बूट आधी घरात वापरून मऊ करावे लागतात, असं सांगून त्यांनी आपले जास्तीचे बूट काटकोनांच्या पायात चढवले. पंधरा दिवस काटकोन ते बूट घालून जेवले, ते घालून कचेरीत गेले. बुटांचा आवाज असा यायचा की शिपाई दोनदा दाराला तेल घालून गेला. डॉक्टरांनी दिलेल्या पाठीवरच्या पिशवीला चौदा पट्टे होते. एका रविवारी काटकोन त्यांत असे अडकले की बायकोला त्यांना चहा बशीने पाजावा लागला.

तळमजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या कवायतबाई होत्या. निवृत्त त्या झाल्या होत्या, शिट्टी नव्हती झाली. त्यांनीही येण्याचं ठरवलं, काटकोनांच्या पिशवीत शब्दकोशाचे तीन जाडे खंड भरले आणि रोज सकाळी जिना चढ-उतर करायला लावला. खालून शिट्टी वाजली की वर, दोनदा वाजली की खाली. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी झाली आणि काटकोन गच्चीपर्यंत जाऊन आले.

या सगळ्यांपेक्षा घातकी निघाला मेहुणा. बायकोचा हा धाकटा भाऊ टेलिफोन दुरुस्तीच्या खात्यात होता, त्यामुळे सबंध आकाश आपल्या ओळखीचं आहे असं त्याला वाटे. त्याने मोबाईलवर उपग्रहातून काढलेलं जंगल उघडलं, दोन बोटांनी मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं.

‘दाजी, इथे काही दिसत नाही. झाडीच झाडी आहे.’

‘झाडी वाढली असेल.’

‘खडकापेक्षा उंच?’

‘सव्वीस वर्षं झाली रे,’ काटकोन म्हणाले, ‘तू केवढा होतास तेव्हा.’ मेहुण्याने येण्याचं नक्की केलं, आणि येताना मोजायची टेप आणणार असल्याचंही सांगितलं.

काटकोनांची शेवटची आशा होती सरकारी परवानगी. जंगलाच्या त्या भागात जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि सरकारी परवानगी ही चीज दोन महिन्यांत मिळत नाही, हे सरकारी नोकर म्हणून त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मोठ्या उत्साहाने अर्ज केला. खिडकीतल्या कारकुनाने तो उलटसुलट पाहिला आणि सांगितलं की अशी पायवाट खरोखरच आहे, असा नकाशा कार्यालयाचा दाखला जोडा. काटकोनांना त्याला मिठी मारावीशी वाटली. असा दाखला कोणाच्या बापाला मिळणार नव्हता. मग जिना उतरताना त्यांच्या ध्यानात आलं, की असे दाखले ज्या टेबलावरून निघतात ते टेबल आपलंच.

दुसऱ्या दिवशी काटकोनांचा अर्ज काटकोनांच्या टेबलावर आला. अर्जदाराला ते चांगलं ओळखत होते, त्यामुळे त्यांनी जराही दयामाया दाखवली नाही. ‘प्रत्यक्ष खातरजमा झालेली नाही, सबब दाखला देता येत नाही,’ असा शेरा मारून त्यांनी कागद वर पाठवला आणि सबंध दुपार गुणगुणत काढली. संध्याकाळी साहेब स्वतः टेबलाशी आले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, ‘स्वतःचं काम असूनसुद्धा तुम्ही स्वतःला सूट दिली नाहीत. अशी माणसं आता राहिली नाहीत.’ आणि तुमच्या नकाशाला कसली खातरजमा हवी, असं म्हणत त्यांनी शेरा खोडला, दाखल्यावर सही केली आणि वनखात्याला स्वतः फोन लावला. परवानगी चौथ्या दिवशी घरपोच आली. सरकार एरवी झोपलेलं असतं. माणसाच्या मुळावर यायचं असलं की कसं खडबडून जागं होतं बघा.

असे ते पाच जण एका शनिवारी सकाळी जंगलाच्या तोंडाशी उतरले. काटकोनांनी मनाशी बेत केला होता, की वाट सापडत नाही म्हणून तासभर इकडेतिकडे करायचं, डबे खायचे आणि परतायचं. पण समोर पाहतात तो काय, वाट होती. चांगली मळलेली, झाडून स्वच्छ केलेली वाट. तिच्या तोंडाशी पाटी होती, पाटीवर बाण होता आणि लिहिलं होतं: तीनतोंड्या खडक.

काटकोनांनी पाटीला हात लावून बघितला. ती खरी होती. त्यांच्या तुटक रेघेवरून सव्वीस वर्षं माणसं चालली होती. सुट्टीत येणारी, पाठीवर पिशव्या घेतलेली, नकाशावर विश्वास ठेवणारी भाबडी माणसं. बायकोने त्यांच्याकडे असं काही अभिमानाने पाहिलं की त्यांना बुटांत घाम फुटला.

पाटीजवळ खाकी कपड्यांतल्या वनरक्षकबाई सलाम ठोकून उभ्या होत्या. चाळिशीच्या, काटक, हातात नोंदवही. नकाशा काढणारे साहेब स्वतः येणार, असा वरून निरोप आला होता म्हणे.

‘चला साहेब, आपण पुढे व्हा,’ बाई म्हणाल्या.

‘छे छे, जंगल तुमचं. तुम्ही पुढे व्हा.’

‘जंगल माझं, पण खडक आपला.’

असं पाच मिनिटं चाललं. अखेर दोघंही एकदम पुढे झाले आणि वाटेत अडकले. मग ठरलं की शेजारी शेजारी चालायचं. काटकोन बाईंचे पाय कुठे वळतात ते बघत होते आणि बाई काटकोनांचे. त्यामुळे दोघंही कुठेच न वळता सरळ चालत राहिले. काटकोनांना वाटलं, बाईंना खडक नसल्याचं माहीत आहे आणि आता चव्हाट्यावर आपली फजिती होणार.

दीड तासाने वाट एका मोकळवनात आली आणि एकाएकी फुटली. दोन नव्हे, तीन नव्हे, पंख्याच्या काड्यांसारख्या अकरा बारीक वाटा वेगवेगळ्या दिशांना गेल्या होत्या. इथवर नकाशा घेऊन आलेल्या प्रत्येकाने खडक दिसेना म्हणून आपापल्या अकलेने पुढे शोध घेतला होता, हे एकट्या काटकोनांना कळलं. बाकीच्यांना वाटलं, जंगलाची हीच पद्धत असावी.

‘कुठली?’ बायकोने विचारलं.

‘ही,’ काटकोन म्हणाले. ‘ही,’ बाई त्याच क्षणी म्हणाल्या. बोटं दोन वेगळ्या वाटांकडे होती. मग दोघांनीही मोठ्या मनाने एकमेकांची वाट खरी मानली आणि सगळे दोन्हीकडे जाऊन आले.

खडक होते, नव्हते असं नाही. कोणत्याही नकाशात नसलेले, कोणी नाव न ठेवलेले एकेक खडक त्या झाडीत दबा धरून बसले होते. एक प्रचंड धोंडा दुसऱ्याच्या टोकावर असा टेकला होता की खालून जाताना कवायतबाईंनीसुद्धा श्वास रोखला. एका कातळाला आरपार भोक होतं आणि त्यातून वारा आला की कोणी तरी विचारात पडल्यासारखा हुं असा आवाज यायचा. डॉक्टरांना एका ओळीत उभे सहा दगड सापडले. त्यांतली चौथी दाढ किडकी असल्याचं सांगून ते तिथून हलेनात. काटकोनांना वाईट वाटलं. खरोखरचं एवढं सगळं इथे उभं असताना लोक आपला शाईचा ठिपका शोधत फिरले होते.

पण बायको प्रत्येक ठिकाणी तोंडं मोजायची आणि मान हलवायची. ‘हा नव्हे. याला एकच आहे.’ मेहुणा टेप लावून मापं लिहून घेत होता. चौथ्या वाटेवर काटकोनांच्या पिशवीचे सहा पट्टे काटेरी झुडपात अडकले. पाचव्या वाटेवर ते ओढ्याच्या चिखलात बसले; बसले म्हणजे ठरवून नव्हे. सहाव्या वाटेवर उजव्या बुटाचा तळवा जीभ बाहेर काढून चालू लागला. कवायतबाई शिट्टी वाजवत होत्या, आणि माणसाची अब्रू कुठे कुठे जाते याचा काटकोन विचार करत होते.

सातव्या वाटेवर सगळे पाणी प्यायला थांबले, तेव्हा वनरक्षकबाईंनी त्यांना हळूच एका धोंड्यामागे नेलं. काटकोनांनी डोळे मिटले. म्हटलं, आलं.

‘साहेब,’ बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘मला वरती कळवू नका. पदरात पोरं आहेत. तो खडक मला सापडलेला नाही.’

काटकोनांनी डोळे उघडले.

‘अकरा वर्षं शोधते आहे. दर महिन्याला अहवाल जातो, त्यात रकाना आहे, खडकाची स्थिती. मी लिहिते, उत्तम. माझ्या आधीचे पण उत्तमच लिहायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, तुला सापडला की मलाही कळव. आज तुम्ही येणार म्हणून रात्रभर डोळा नाही लागला. म्हटलं, साहेब विचारतील, दाखव खडक.’

आता गप्प राहणं किती सोपं होतं! दोष आयता दुसऱ्याच्या पदरात पडला होता. काटकोनांनी ‘असू दे, असू दे’ म्हटलं असतं तर उलट ते थोर ठरले असते. पण नकाशा वाचून ही बाई अकरा वर्षं काट्याकुट्यांत फिरली होती. काटकोनांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘तो खडक नाहीच. तो शाईचा डाग आहे. माझ्या हातून पडलेला.’

बाईंना आधी हायसं वाटलं. मग त्या अकरा वर्षांचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागला आणि त्यांनी नोंदवही अशी काही घट्ट धरली की काटकोन दोन पावलं मागे सरले. ‘सुट्टीच्या दिवशीसुद्धा शोधलाय मी,’ एवढंच त्या म्हणाल्या. काटकोनांनी हात जोडले. खरे जोडले.

जड झालेलं मन एकदा मोकळं व्हायला लागलं की ते मध्येच थांबत नाही. काटकोन तसेच, चिखलाने भरलेले, एका पायाने फटाक फटाक वाजत बायकोकडे गेले. ती जरा लांब, एका झाडाखाली बसली होती. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. थेंब, तीन सुळके, तुटक रेघ, नाव. झाडावर झोपलो नव्हतो. जंगलात आज पहिल्यांदा पाऊल ठेवतोय.

बायकोने पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. काटकोनांना वाटलं, ही आता उठेल आणि एकटीच चालू लागेल, आणि तसं झालं तर आपल्याला या अकरा वाटांपैकी एकही घरी नेणार नाही.

‘अस्वल?’ तिने विचारलं.

‘नव्हतं.’

‘ते मला माहीत आहे, अस्वल मीच आणलं होतं,’ ती म्हणाली. ‘पण मला वाटलं, खडक तरी असेल.’ मग ती इकडेतिकडे बघून आवाज खाली करत म्हणाली, ‘आता मी काय करू? कवायतबाईंना, डॉक्टरांच्या बायकोला, सगळ्यांना सांगून बसलेय की लग्नानंतर तुम्ही मला इथे आणलं होतंत आणि मी त्या खडकावर बसले होते. माझ्या भावालासुद्धा. म्हणून तर एकदा येऊन बघून घ्यावा म्हटलं, कोणी नीट चौकशी करायच्या आत. तर ही सगळी पलटणच निघाली बरोबर.’

काटकोन मटकन खाली बसले. सव्वीस वर्षं ते ज्या कोर्टापुढे आरोपी म्हणून उभे होते, ते कोर्टच पिंजऱ्यात येऊन शेजारी बसलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हसू आधी कोणाला फुटलं ते सांगता येणार नाही, पण ते दाबताना बायकोला ठसका लागला.

‘एवढी सगळी झाडं नीट काढलीत,’ ती डोळे पुसत म्हणाली, ‘मग मध्येच थेंब कसा पडला?’

हे मात्र काटकोनांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. ‘तू आली होतीस,’ ते म्हणाले. ‘पहिल्यांदाच कचेरीत. मी घराची किल्ली विसरलो होतो ती द्यायला. शिपाई म्हणाला, घरून कोणी आलंय. मी मान वर केली तर तू दारात उभी होतीस. हातात ओली छत्री, आणि आत यावं की नाही ते तुला कळत नव्हतं. मी बघतच राहिलो. पेन हातातच होतं.’

बायकोने पदर नीट केला आणि ती उठली. वनरक्षकबाईंना बोलावून घेतलं. तिघांची तिथे जी बैठक झाली तिचं इतिवृत्त उपलब्ध नाही. एवढं कळतं की बाई म्हणाल्या, नवव्या वाटेने गेलं की एक जागा आहे, दोन तोंडं नक्की आहेत, तिसरं म्हटलं तर आहे.

नवव्या वाटेच्या टोकाला, दरीच्या कडेवर, तो खडक उभा होता. वर शेवाळ, पायथ्याशी नेचे, आणि उन्हाचा एक तुकडा बरोबर माथ्यावर. बायको दुरूनच थांबली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘हाच. अगदी तसाच आहे हो.’ वनरक्षकबाईंनी नोंदवही उघडून गंभीरपणे मान डोलावली.

मेहुण्याने टेप काढली. एक तोंड मोजलं, दुसरं मोजलं आणि विचारलं, ‘ताई, तिसरं कुठाय?’

‘दरीच्या अंगाला,’ बायको म्हणाली. ‘अस्वल तिथूनच वर आलं होतं.’

मेहुण्याने टेप गुंडाळून खिशात ठेवली. डॉक्टरांनी खडक बारकाईने न्याहाळून निदान केलं, की तिसरं हिरडीत आहे, अजून बाहेर आलेलं नाही. कवायतबाईंनी शिट्टी वाजवून डबे उघडायचा हुकूम दिला आणि प्रश्न मिटला.

बायको खडकावर चढून बसली. पहिल्यांदाच, पण दुसऱ्यांदा बसल्यासारखी. खाली सगळे जेवणात गुंतलेले बघून तिने काटकोनांना वर यायची खूण केली. ते ढोपरं टेकत, एका धड बुटाने, कसेबसे वर पोचले. समोर दूरवर जंगल पसरलं होतं, आणि त्यांनी काढलेल्या चारशे झाडांपेक्षा त्यात पुष्कळच जास्त झाडं होती.

‘ती किल्ली,’ बायको दरीकडे बघत हळूच म्हणाली, ‘तुम्ही विसरला नव्हतात. सकाळी तुमच्या खिशातून मीच काढून ठेवली होती.’

‘का?’

‘कचेरीत तुम्ही कसे दिसता ते बघायचं होतं.’

काटकोनांचे कान लाल झाले. या वयात हे बरं दिसत नाही म्हणून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. जरा वेळाने, खालच्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्यांनी विचारलं, ‘मग? कसा दिसत होतो?’

‘बरे दिसत होतात,’ बायको म्हणाली. ‘म्हणून तर किल्ली देऊन लगेच निघाले. आणखी थोडा वेळ थांबले असते तर सगळं जंगल शाईत बुडवलं असतंत.’